हॉकीच्या सरांच्या जागी कोणाला बसवावं?

आमच्या तालुक्याच्या कॉलेजातले हॉकीचे सर परवा रिटायर झाले. काळ्या मातीच्या मैदानावर त्यांनी तीसेक वर्षं पोट्टे घडवले. त्यांच्या जागी कोण, हे ठरवायला संस्थेनं आम्हा माजी खेळाडूंना मोठ्या आदरानं सभेला बोलावलं. गेलो, तर गेटवरच नव्या सरांच्या अभिनंदनाचं फ्लेक्स! सभा अजून व्हायची होती, पण फ्लेक्सवाल्याला निकाल कळलेला होता.

तुमच्याही गावातले सर कधी ना कधी थकतीलच. म्हणून ही पद्धत शिकून ठेवा बाप्पा.

सगळ्यात आधी फ्लेक्स छापा. उमेदवार शोधावा लागत नाही, तो घरातच असतो.

मग सभा घ्या. माजी खेळाडूंना पुढच्या रांगेत बसवा, चहा-चिवडा द्या, 'आपल्या सूचना मोलाच्या आहेत' असं म्हणा आणि सूचना सुरू झाल्या की माईक काढून घ्या. हजेरीच्या वहीत सह्या मात्र दारातच घ्या. पुढे ठरावाखाली त्याच कामी येतात.

निवड समितीत हॉकी खेळलेला माणूस चुकूनही नको. तो भलतंच विचारतो. शॉर्ट कॉर्नरला, म्हणजे समोरच्यांना गोलजवळून फटका मिळतो तेव्हा, तो अडवायला पहिला कोण धावणार? पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की स्टिकवर्क कुठं घेणार? अशानं चांगला उमेदवार घाबरतो. त्याला ध्यानचंदांची जयंती विचारा आणि २९ ऑगस्टचं पान समोर दिसेल असं कॅलेंडर टांगा.

अनुभव? रात्रीच्या टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरवलेले असले की झालं. डीजे, लायटिंग, ट्रॉफी, सगळं जमतं त्याला. हॉकीच्या स्टिका आता निव्वळ लाकडाच्या राहिल्या नाहीत, हे जालंधरच्या कारखान्यातून आलेली स्टिकांची पेटी उघडली की त्याला कळेलच.

कायम जागेचं तर बोलूच नका. आरक्षणाचं रोस्टर, सरकारची एनओसी, तासावर पैसे देणारं तासिका तत्त्व... तुम्हाला ठाऊकच आहे.

मैदान लग्नांना देत राहा. मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवू नका, ड्रिब्लिंगच्या सरावाला बरे पडतात. (१९७६ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर गेली आणि आपण सातवे आलो. आमच्या तालुक्यात ते गवत अजून यायचं आहे. बकऱ्या चरतात ते मात्र भरपूर आहे.)

आता मुख्य गोष्ट. ते काम आधीपासून कोणी करत असेल, तर त्याला पहिले बाजूला सारा. आमच्याकडे ही मोठीच अडचण होती. सरांचीच जुनी खेळाडू, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली कलर होल्डर, शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. झालेली. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकाचा सहा आठवड्यांचा कोर्स स्वतःच्या पैशानं करून आली. सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून पहाटेची प्रॅक्टिस तीच घेते, एक रुपया न घेता. फुटक्या स्टिकांना टेप तीच मारते. कापूस वेचणीत पोट्टे गायब झाले की वावरात जाऊन मायबापाला समजावते. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी कोणाच्या प्रमाणपत्राची पडताळणी कुठं अडकली, हे तिला तोंडपाठ आहे, ऑफिसातल्या क्लार्कला नाही. अशी ताई समोर उभी असताना समितीतले एक भाऊसाहेब म्हणाले, "बाई माणूस. पोट्ट्यांना घेऊन सामन्यांसाठी अमरावतीला मुक्काम कशी करणार?"

काहून नाही करणार? २०२१मध्ये टोकियोला आपल्या मुली ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते श्योर्ड मारिन्ये, नेदरलँड्सचा पुरुष माणूस. मुलींना घेऊन ते एवढ्या दूर मुक्कामाला कसे गेले, याची काळजी केली होती का तुम्ही? आपल्या कॉलेजची मुलींचीही टीम आहे. त्या टीमसोबत आता हे नवे सर मुक्कामाला जाणार. त्याचा प्रश्न समितीत एकालाही पडला नाही. आणि वर ताईला काय म्हणाले, तर 'पुढंही असंच सहकार्य असू द्या'. म्हणजे पहाटे पाचला मैदानावर तिनं यायचं आणि मानधनाच्या रजिस्टरवर सही नव्या सरांनी करायची!

लाज वाटू द्या थोडी. क्रीडा शुल्क तुम्ही दरवर्षी प्रत्येक पोराकडून पावती फाडून घेता. ज्या पोराच्या बापानं ते उसनवारी करून भरलं, त्याच्यासमोर उभं राहून सांगा की सर कोण हवे हे आम्ही जेवणाच्या ताटावर ठरवलं. आणि सभेत माना डोलावणारे तुम्ही कलर होल्डर! कोणी पोलिसात लागलं, कोणी रेल्वेत, ते कोणत्या मैदानामुळं? त्या बाईसाठी तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची एंट्री कोणत्या तारखेपर्यंत पाठवायची, एवढं तरी नव्या सरांना विचारा. ती तारीख हुकली तर पोट्ट्यांचं वर्ष जातं. अध्यक्ष महोदय, तुमच्या साळ्याचं काहीच जात नाही.