गाडी सोलरवर चालते, दाजी. अडतं ते भलतीकडंच

गेल्या आठवड्यात पाहुण्यांच्या ग्रुपवर दाजींनी एक लांबलचक मेसेज टाकला. फिरत फिरत तुमच्याकडंही आला असेल. ‘खेड्यात इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनो, डोळे उघडा!’ खाली सहा कारणं. घरच्या सोलरवर गाडी चार्ज होत नाही, त्याला दहा किलोवॅट लागतात. गावात लाईटच नसते. वीज शेवटी कोळशाचीच. बॅटरी पाच वर्षांत मरते आणि तिची किंमत गाडीएवढी. पावसात शॉक बसतो. लांब निघालात की रस्त्यात अडकलात.

आमचं घर सांगोला तालुक्यात, गावठाणात. दीड वर्षापासून दारात टियागो ईव्ही आहे, 24 युनिटच्या बॅटरीची, आणि स्लॅबवर तीन किलोवॅटचं सोलर. म्हणून म्हटलं, ग्रुपवर अंगठा दाखवून गप्प बसण्यापेक्षा उत्तर लिहावं.

आधी ते दहा किलोवॅट. हा आकडा कुठून आला ते मला कळतं. गाडीचा घरगुती चार्जर पंधरा अँपिअरच्या प्लगवर तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो, आणि तीन किलोवॅटचं सोलर दिवसभर पूर्ण तीन देत नाही. सकाळी नऊला ते निम्म्यावर असतं. म्हणून कुणीतरी ठोकून दिलं की तिप्पट मोठं बसवा. पण सोलर थेट गाडीला जोडायचं नसतंच. ते जोडायचं महावितरणच्या लाईनला, दिलेली आणि घेतलेली दोन्ही युनिट मोजणारं नेट मीटर लावून. डेअरीला दूध घालतो तसं. सकाळी आपण म्हशीचं घालतो, संध्याकाळी पाहुणे आले तर तिथूनच पिशवी आणतो, हिशेब दहा दिवसांनी होतो. आपलंच दूध परत आलं का, हे कुणी विचारत नाही.

आता युनिट मोजू. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटमागं वर्षाची सरासरी रोजची चार युनिट पडते. तीन किलोवॅटला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. माझी गाडी प्लगमधून घेतलेल्या एका युनिटला साडेसहा किलोमीटर देते. महिन्याला हजार किलोमीटर फिरलो तर दीडशे-एकशे पंचावन्न युनिट. घराला एकशे तीस. बेरीज तीनशेच्या आत. आषाढ-श्रावणात सोलर अडीचशेवर येतं तेव्हा थोडं बिल भरतो, चैत्रात ते फिटतं. फक्त गरजेपेक्षा मोठं बसवू नका. मार्चअखेर उरलेली युनिट कंपनी घेते, पण दर कमी देते. आणि पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान तीन किलोवॅटलाच 78 हजारांवर थांबतं, पुढचा प्रत्येक किलोवॅट पूर्ण खिशातून. हे अनुदानही नंतर खात्यावर येतं, आधी पैसे आपण घालायचे.

सोलर नसलं तरी चित्र फार बिघडत नाही. युनिट बारा रुपयांनी धरा, किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. पेट्रोल लिटरला 105 आणि गाडी अठराची धरली तर पावणेसहा-सहा रुपये. गावच्या खड्ड्यांत अठरा मिळालं, हेही मी मोठ्या मनानं धरलंय.

‘गावात लाईटच नसते.’ इथं मेसेज अर्धा खरा आहे, पण कोणता अर्धा ते लिहिणाऱ्याला माहीत नाही. गावठाणाचा फिडर, म्हणजे सबस्टेशनवरून येणारी लाईन, वेगळा असतो, शेतीपंपांचा वेगळा. शेतीच्या लाईनला थ्री फेज आठ तास, कधी दिवसा कधी रात्री. गावठाणात तसं नाही. लाईट जाते, वळवाच्या वाऱ्यात तार तुटली तर रात्रभर जाते. पण मला रोज चाळीस किलोमीटरसाठी लागतात सहा युनिट, म्हणजे सव्वादोन तास. चोवीस तासांत तेवढी लाईट आमच्या गावाला मिळते. संध्याकाळी सातला व्होल्टेज पडतं, म्हणून मी अकरानंतर प्लग लावतो.

मेसेजात नसलेली एक गंमत मात्र मी सांगतो. भर दुपारी लाईट गेली, डोक्यावर ऊन रणरणतंय, तरी सोलर बंद! पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं बिघडलं. बिघडत नाही. लाईन मेली की इन्व्हर्टरनं थांबायचंच असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसेल. बॅटरीवालं हायब्रिड सोलर घेतलं तर हे टळतं, पण खर्च बराच वाढतो. मी घेतलं नाही.

आणि माझी गाडी खरी अडली ती अर्थिंगनं. पहिल्याच उन्हाळ्यात चार्जरवर लाल दिवा. प्लग बदलला, वायर बदलली, लाल तो लालच. शेवटी गावातल्या जुन्या वायरमननं अर्थिंगचा खड्डा उकरला. आत नुसती कोरडी माती आणि वीतभर सळई. सोलर बसवणाऱ्यानं पाट्या टाकून काम उरकलं होतं. मग दोन वाव खोल खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळशाचे थर, वर पाइपाचं तोंड. आता एप्रिल-मेमध्ये दर रविवारी त्या पाइपात दोन घागरी पाणी ओततो. आई म्हणते, तुळशीला घालत नाहीस तेवढं गाडीला घालतोस.

कोळशाचा मुद्दा. आपली वीज बहुतेक कोळशाची आहे, कबूल. देशाची सरासरी काढली तर एका युनिटमागं सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड. माझ्या गाडीला किलोमीटरमागं एकशे दहा ग्रॅम. पेट्रोलचा एक लिटर जळाला की 2.3 किलो, म्हणजे अठराच्या गाडीला एकशे पंचवीसच्या पुढं, आणि त्यात पेट्रोल शुद्ध करायचा, टँकरनं आणायचा हिशेब नाही. फरक थोडा आहे. बॅटरी बनवतानाही जास्त धूर होतो, ते आधी फेडावं लागतं. पण स्लॅबवर सोलर आलं की तो फरक मोठा होतो. रात्री माझ्या गाडीत येणारी वीज चंद्रपूरकडच्या कोळशाची असेल, मात्र दुपारी माझी युनिट शेजारच्या पिठाच्या गिरणीला गेलेली असतात.

बॅटरी पाच वर्षांत मरते म्हणे. माझ्या गाडीच्या बॅटरीची हमीच आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर आहे. तेवढं अंतर किलोमीटरला चार रुपये वाचवत कापलं तर सहा लाख चाळीस हजार होतात. पुढचं ज्याचं त्यानं ठरवावं.

पाऊस? बॅटरीचं कवच आयपी 67 दर्जाचं असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. ओढ्याच्या पुरात कोणतीच गाडी घालू नका.

लांबचा प्रवास मात्र मला पूर्ण खोडून काढता येत नाही. पूर्ण चार्जवर माझी गाडी 180च्या आसपास जाते. सोलापूर जाऊन-येऊन होतं, पुणे एका दमात होत नाही. टेंभुर्णी-इंदापूरच्या पट्ट्यात तासभर थांबावं लागतं. एकदा चार्जर बंद निघाला आणि पुढच्यापर्यंत एसी बंद करून, साठच्या वेगानं, बायकोचे टोमणे ऐकत गेलो. दर आठवड्याला मुंबई करणाऱ्यानं ही गाडी घेऊ नये. पण गावातल्या किती गाड्या दर आठवड्याला मुंबईला जातात? बाजार, दवाखाना, पोरांची शाळा, पंढरपूरची एकादशी. उलट पुण्यात माझ्या मावसभावाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक प्लग मिळवायला तीन मीटिंगा लागल्या. मला खिडकीतून वायर काढायला दहा मिनिटं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकल्यावर दाजींचा फोन आला. “मग घेऊ का आम्हीपण?”

म्हटलं, “दाजी, तुम्ही अजून घेऊ नका.” त्यांचं घर मळ्यात. वस्तीला लाईट येते ती शेतीच्या लाईनवरची, थ्री फेज गेल्यावर बल्ब आणि पंखा कसाबसा चालतो. तिथं तीन किलोवॅटचा चार्जर तग धरणार नाही. पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावली तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते. सरकारी सौर पंपाची पॅनल दाखवून म्हणाले, “हे आहे की.” तो कंट्रोलर मोटर चालवण्यासाठी असतो, गाडीच्या चार्जरला लागतो तसा स्थिर करंट त्यातून निघत नाही.

त्यांनी आता वस्तीवर घरगुती मीटरसाठी अर्ज केलाय. गावठाणाची लाईन त्यांच्या बांधापासून चार खांब लांब आहे.