जखमेतून

सकाळी मेल आला. ऑपरेशननंतर घरी जाणाऱ्या पेशंटला द्यायचं पत्रक, इंग्रजीतून मराठीत. ‘मशीनने भाषांतर केलेलंच आहे, तुम्ही फक्त एकदा नजर टाका.’ शब्दाला ४० पैसे, तेही मराठी शब्द मोजून, आणि हातात पडणार ६० दिवसांनी. फाईल उघडली. सातवी ओळ: ‘जखमेतून डिस्चार्ज मिळाल्यास ताबडतोब डॉक्टरांना कळवा.’

डोकंच फिरलं. अहो, डिस्चार्ज पेशंटला मिळतो! जखमेला नाही! जखमेतून जे वाहतं त्यालाही इंग्रजीत ‘डिस्चार्ज’च म्हणतात, मशीनने तो शब्द तसाच ठेवला.

हीच ओळ मी बारा वर्षांपूर्वी एका पत्रकासाठी केली होती. आधी ‘स्राव’ लिहिलं होतं. शब्द अगदी बरोबर. पण सांगलीच्या मावशीचं नुकतंच पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "स्राव म्हणजे काय गं? मला टाक्यांतून पाणी येत होतं, मी चार दिवस कुणाला बोलले नाही."

चार दिवस! मी ‘स्राव’ खोडून ‘पू किंवा पाणी’ लिहिलं. त्या फोनला अर्धा तास गेला. तो कुठल्या बिलात धरायचा, सांगा.

आणि हे शब्द मोजणं! मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘फ्रॉम द वूंड’ हे तीन शब्द, ‘जखमेतून’ हा एक. मराठी शब्द मोजले की नुकसान आपलंच. या कामात नव्यानं येणाऱ्या पोरापोरींनो, दर मूळ इंग्रजी शब्दांवर ठरवा आणि तसं लेखी घ्या. कुणी ‘सगळे असंच मोजतात’ म्हणालं तरी ऐकू नका.

मशीनमुळे काम भराभर होतं, मान्य. ॲपमधली बटणं, करारातली तीच ती कलमं, ठीक जमतात त्याला. पण मावशीला फोन कोण लावणार?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळेच हरखलो होतो. माझे तर डोळे भरून आले होते. मग टाके घातलेल्या बाईच्या हातात पडणारा कागद मराठी नाही का? तो तिला कळायला नको?

मघाशी उगाचच मावशीला फोन केला. आवाज थकलाय तिचा. तिला यातलं काही बोलले नाही.

मेलला उत्तर पाठवलंय: काम घेत नाही. पैसे नकोत, पण सातवी ओळ तेवढी बदला. ‘जखमेतून पू किंवा पाणी येत असल्यास’ असं लिहा.