सुलतानला टेकडीवर पळवलं नाही, त्याचं कारण

नमस्कार सर,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत की महिन्याची फी घेतली, पण तुमच्या ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याला, सुलतानला, रोज जेमतेम २० मिनिटं फिरवलं, तेही थांबत थांबत. वेताळ टेकडीवर पळवायला नकार दिला, रात्री जेवणानंतरची वेळ दिली नाही, चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) काढायला लावली, आणि एवढं करून तो अजून ओढतोच. सुलतानवर तुमचा किती जीव आहे ते मी पाहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी पळवण्याचं. सुलतान ७ महिन्यांचा आहे. उंची बघून कुणालाही तो पूर्ण वाढलेला वाटेल, पण ग्रेट डेनची हाडं दीड-दोन वर्षांपर्यंत वाढत असतात. हाडांच्या टोकांना जिथून वाढ होते तो भाग तोवर मऊ कूर्चेचा असतो. एवढं वजन घेऊन दगडधोंड्यांच्या उतारावर किंवा स्कूटरमागे रोज धावायला लावलं, तर कोपर आणि खुब्याचं दुखणं जन्माला पुरतं. तुमच्या मित्राचा लॅब्रडॉर टेकडीवर जातो ते ठीक आहे, तो पूर्ण वाढलेला आहे आणि वजनाने हलका आहे. सुलतानला हिरवळीवर त्याच्या मर्जीने बागडू द्या, दमला की बसू द्या. ते हवंच आहे. धावायची सक्ती मात्र मी वाढत्या ग्रेट डेनवर करणार नाही, फी दुप्पट दिली तरी नाही.

जेवणानंतरची वेळ नाकारली तीही त्याच्यासाठीच. खोल छातीच्या या जातीत पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि तसं झालं तर काही तासांत कुत्रा हातचा जातो. जेवण आणि व्यायाम यांत किमान तासाभराचं अंतर ठेवाच. पोट टम्म दिसलं, उलटीचे उमाळे येऊन काहीच बाहेर पडत नसेल, तर सकाळची वाट न बघता तडक डॉक्टरांकडे न्या.

आता थांबत थांबत चालण्याचं. तोच तर धडा आहे. गेटबाहेर दूधवाल्याची सायकल दिसली की सुलतान झेप घेतो, लीश (हातातली दोरी) ताणली जाते, आणि मी जागच्या जागी उभा राहतो. हिसका नाही, ओरडा नाही. थोड्या वेळाने त्याचा एक कान मागे वळतो, मग मान वळते, लीश सैल पडते. त्याच क्षणी माझ्या गुडघ्यापाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि पुढचं पाऊल. सुरुवातीला सोसायटीचं गेट ते कोपऱ्यावरचं मेडिकल एवढ्यातच वेळ संपायचा. शेवटच्या आठवड्यात तो माझ्याबरोबर सैल लीशवर पूर्ण चक्कर मारत होता, याचे व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सॲपवर आहेत.

मग घरच्यांबरोबर का ओढतो? कारण संध्याकाळी ओढलं की त्याला विजेच्या खांबापर्यंत जाता येतं. ओढून हवं ते मिळतंय तोवर तो ओढणारच. सकाळी एक नियम आणि संध्याकाळी दुसरा, तर पिल्लाने कुठला धरायचा? चोक चेनने श्वासनलिकेवर दाब येतो, आणि उद्या हाच कुत्रा ६०-७० किलोचा होईल तेव्हा साखळी ओढून त्याला आवरणं घरात कुणालाच जमणार नाही. गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, म्हणजे छातीवर हूक असलेला हार्नेस, म्हणूनच सुचवला होता.

फी परत मागितली आहेत, ती देणार नाही, कारण ठरलेलं काम झालं आहे. पण घरच्यांच्या हातात ते काम उतरलेलं नाही, तेवढं मी करून देतो. येत्या दोन्ही रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढून डांबर तापायच्या आत, मी येतो. त्याचे पैसे नकोत. संध्याकाळी त्याला जो फिरवतो त्याने स्वतः यायचं, सुलतानला त्याआधी खायला घालायचं नाही, आणि हार्नेस चढवून खाली आणायचं. जमत असेल तर शनिवारी रात्रीपर्यंत मेसेज टाका.