आधी जाकीट, मग गळ

माघातली महाशिवरात्र ते चैत्रातला पाडवा, हा एक महिना मी कुणाला देत नाही. घरच्यांना माहीत आहे, ऑफिसातल्यांना माहीत आहे, आता नातेवाइकांनाही माहीत झालंय. रविवारी पहाटे चारला मी सोलापूर सोडलेलं असतं. मोहोळ, टेंभुर्णी, तिथून करमाळ्याच्या रस्त्याला लागलं की कंदरच्या केळीच्या बागा आणि मग जेऊरच्या आसपास कुठंतरी उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ. शहराजवळ हिप्परगा आहे, अक्कलकोटच्या बाजूला कुरनूर आहे, तिथंही मी जातो. पण होडीत बसून गळ टाकायचा तर उजनीच.

हे लिहायला बसलोय ते मात्र माशांसाठी नाही. गेल्या रविवारी काठावर तीन होड्या निघाल्या, पंधरा-सोळा माणसं, त्यात दोन लहान मुलं. जाकीट, म्हणजे पाण्यात तरंगवणारं लाइफ जाकीट, एकाच्याही अंगात नव्हतं. मी बोललो तर एक जण म्हणाला, "काका, पोहता येतं सगळ्यांना." त्याला तिथं जे सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

आधी या दिवसांचं पाणी कसं असतं ते समजून घ्यायला हवं. थंडी सरत आलेली, ऊन अजून बोचत नाही. पहाटे पाण्यावरून पातळ वाफ सरकत असते आणि पलीकडच्या काठावरून चक्रवाक ओरडत असतात. पट्टकादंब, थोडे रोहित (फ्लेमिंगो), सगळ्यांचे परतीच्या आधीचे दिवस. पाणी जसं मागं हटतं तशी गाळपेर पुढं सरकते, ओल्या गाळात हरभरा, मका, कडवळ. मागच्या रविवारी जिथं होडी बांधली होती तिथं या रविवारी चिखल असतो, त्याच्या पुढच्या रविवारी भेगा पडलेल्या असतात. आणि पाणी इतकं शांत की होडीची सावली हलत नाही. या शांतपणावर माणूस फसतो.

नवीन पोरं पहाटे पाचला गळ टाकतात आणि आठला वैतागून डबा उघडतात. फेब्रुवारीत पहाटे मासा चारा घेत नाही. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, पाणी जेवढं गार तेवढा तो गार. गार पाण्यात त्याची भूक मंद, पचन मंद, तो खोलात पडून राहतो. ऊन वर आलं की उथळ पाणी आधी तापतं. सकाळचं ऊन ज्या काठाला पहिलं लागतं तिथं, जुन्या बाभळींच्या बुंध्यांपाशी, पाण्याखाली गेलेल्या बांधांच्या कडेला, साडेनऊच्या पुढं मासा यायला लागतो. तिथून बारा वाजेपर्यंत खरी वेळ. पावसाळ्याआधी उन्हं तापल्यावर हे उलटं होतं, तेव्हा पहाट चांगली. पण शिवरात्रीच्या सुमाराला घाई करून उपयोग नाही.

माझा चारा साधा आहे. तेलघाण्यावरून शेंगपेंड आणतो, रात्रभर भिजवतो, सकाळी पिळून त्यात कणीक आणि मूठभर भाताचा कोंडा. गोळा लिंबाएवढा. तो हातात घट्ट लागला पाहिजे, पण पाण्यात गेल्यावर पाच-सात मिनिटांत सुटला पाहिजे. सुटलाच नाही तर वास पसरत नाही आणि लगेच सुटला तर गळ नुसताच लोंबतो. कणीक चमचाभर इकडंतिकडं झाली तरी फरक पडतो. मी घरी बादलीत टाकून, घड्याळ लावून बघतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे तरंगी कुठं बांधायची हे कोण हवंय त्यावर ठरतं. चिलापीला काहीच ठरवावं लागत नाही, ती कुठंही येते. साचलेल्या पाण्यात ती अंडी घालते आणि मादी ती तोंडात जपते. कटला, रोहू, मृगळ यांना मात्र अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं, म्हणून जलाशयात त्यांचं बीज सोडावं लागतं. त्यामुळे माझ्या गळाला बोटभर लांबीचा रोहू आला की मी हात पाण्यात ओले करून तो सोडून देतो. कोरड्या हातानं धरलं तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही जगेलच असं नाही. छंद आपला, पोट तिथल्या भोई बांधवांचं. ठेका कुणाचा आहे ते विचारून, परवानगी घेऊन गळ टाकावा, एवढं तरी आपण पाळावं.

आता मुद्द्याकडं. साडेनऊ ते बारा ही मासा लागायची वेळ, आणि वारं सुटायची वेळही तीच.

रात्री गार झालेली हवा सकाळी पाण्यावर पडून असते. जमीन तापली की ती हलायला लागते. शेतात उभं असताना हे वारं गालाला छान लागतं. पण उजनीचं पाणी मैलोनमैल मोकळं आहे, मध्ये अडवायला झाड नाही की टेकडी नाही. जितकं मोकळं पाणी जास्त तितकी लाट मोठी होत जाते. आणि आपल्या होड्या कशा असतात? पत्र्याच्या, सपाट तळाच्या. चार माणसं बसली की बाजू पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. लाकडाची होडी पाणी भरलं तरी तरंगत राहते, धरायला मिळते. पत्र्याची होडी भरली की सरळ तळाला जाते, कारण तिच्यात तरंगणारं काहीच नसतं. पुढच्या-मागच्या टोकाला थर्माकोल किंवा बंद डबे बसवले तर ती बुडत नाही. हा खर्च फार नाही, पण बसवलेली होडी मी उजनीवर क्वचित पाहिली.

काही वर्षांपूर्वी, होळीच्या आधीचा रविवार. आम्ही चौघं आणि होडीवाले मामा. अकराच्या सुमाराला माझ्या मित्राच्या रॉडला मोठा मासा लागला. रीळ करकरत सुटत होतं. आम्ही सगळे त्याच बाजूला वळलो, एक जण उभाच राहिला. वारं कधी वाढलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मामा दोनदा म्हणाले, "सायेब, बसून घ्या, वारं सुटलंय." आम्ही ऐकलं नाही. होडी आडवी झाली, म्हणजे लाटेला तिची लांब बाजू मिळाली, आणि पहिली लाट आत आली. मग दुसरी. घोट्याएवढं पाणी झालं.

जाकिटं होती. पाचही होती. फळीखाली, एकावर एक रचून सुतळीनं बांधलेली. मी वाकून गाठ सोडायला लागलो. सुतळी भिजून फुगली होती, गाठ दगडासारखी झाली होती. नखं लागेनात. दातानं ओढायला गेलो तर तोंडात पाणी आलं. एवढ्या वर्षांत मला ती गाठ जशीच्या तशी आठवते, तिचा रंग, तिच्यातून निघालेला एक धागा. मित्रानं दोर कापून मासा सोडून दिला. मामांनी होडीचं नाक वाऱ्याकडं वळवलं आणि आम्ही चाऱ्याच्या डब्यानं पाणी उपसत राहिलो. काठाला लागलो ते एका कडवळाच्या शेतात, निघालो त्या जागेपासून बरंच लांब. आमच्यातला सगळ्यांत पट्टीचा पोहणारा त्या दिवशी परतताना टेंभुर्णीपर्यंत एक शब्द बोलला नाही. जाकिटं काठावर येईपर्यंत सुतळीतच होती.

घरी आल्यावर कळलं, गाठ सुटली असती तरी फार उपयोग झाला नसता. त्या जाकिटांवर माणसं वर्षानुवर्षं बसत होती, उशी म्हणून. आतला फोम दबून पापडासारखा झाला होता. दबलेला फोम माणसाला उचलत नाही.

आणि 21 मे 2024. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली प्रवासी होडी संध्याकाळच्या वादळात उलटली. सहा माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. एक जण पोहत काठाला लागला. शोधायला एनडीआरएफचं पथक आणावं लागलं. आपल्या जिल्ह्यात ही बातमी ऐकली नाही असा माणूस नसेल.

त्या वेळी धरण उण्यात होतं, हे मला वारंवार आठवतं. "पाणी राहिलंय कुठं बुडायला" असं जे म्हणतात त्यांनी हे ऐकावं. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. पेपरात "उजनी उणे" छापून येतं त्याचा अर्थ पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली गेलं एवढाच, धरण कोरडं पडलं असा नाही. 2024 च्या उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं, लोक चालत बघायला गेले. तरी भीमेच्या जुन्या पात्रात होडी गडप होईल इतकं पाणी होतंच. उलट पाणी कमी असताना धोका वाढतो. बाभळींचे खुंट, पडक्या घरांच्या भिंती पृष्ठभागाच्या जरा खाली येतात, होडी त्यांच्यावर घासते, पंख्यात जाळी अडकते.

"पोहता येतं." हो, आपल्याला येतं. आपण सगळे विहिरीत शिकलोय. विहिरीत कठडा दहा हातांवर असतो, अंगात चड्डी असते आणि पाणी हलत नाही. उजनीच्या मध्यावर अंगात जीन्स असते, पायात बूट असतात, काठ किलोमीटरभर लांब असतो आणि प्रत्येक लाट श्वास घ्यायच्या वेळेलाच तोंडावर येते. फेब्रुवारीच्या गार पाण्यात अचानक पडलं की पहिला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तो आपल्या हातात नसतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. जाकीट त्या पहिल्या मिनिटासाठी असतं. ते डोकं वर ठेवतं, बाकीचं मग पोहणं.

आणि पोहायला शिकताना आपल्या पाठीला काय होतं? डबा. तेलाचा रिकामा डबा, तोंड बंद केलेला, दोरीनं बांधलेला. कुणाच्या पाठीला वाळलेला भोपळा. आमच्या अण्णांनी डब्याची दोरी तीन-तीनदा ओढून बघितल्याशिवाय मला विहिरीत उतरू दिलं नाही. दोरी ढिली असेल तर डबा वर जातो आणि पोर खाली, असं ते म्हणायचे. जाकिटाचंही तेच आहे. पट्टे आवळले नाहीत तर पाण्यात ते कानापर्यंत वर सरकतं आणि माणूस त्यातून निसटतो. घातल्यावर कुणालातरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर आलं तर ढिलं आहे. मोठ्यांचं जाकीट लहान मुलाला चालत नाही, मुलाच्या वजनाचंच लागतं.

उकडतं, हे खरं आहे. मे महिन्यात उकडतं. पण फाल्गुनात सकाळी तेच जाकीट थंडीपासून वाचवतं, मी तर स्वेटरवरच चढवतो. फोटो चांगले येत नाहीत म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. होडीवाले स्वतः घालत नाहीत, हेही खरं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. रोज जाळं ओढणाऱ्याला जाड जाकीट अडचणीचं होतं, दिवसाची कमाई किती, त्यातून ते घ्यायचं कधी? म्हणून आपण जे हौसेला जातो, रॉडवर आणि रिळावर हजारो रुपये घालतो, त्यांनी होडीत बसायच्या आधी हट्ट धरायला हवा. गिऱ्हाईकच जाकिटाशिवाय बसत नाही म्हटल्यावर होडीवाला ते ठेवेल, आणि फळीखाली नाही, हाताशी ठेवेल.

माझे नियम आता ठरलेले आहेत. जाकीट काठावरच घालायचं, होडीत बसल्यावर नाही. मासा कितीही मोठा असो, उभं राहायचं नाही. मामा "वळूया" म्हणाले की दोर गुंडाळायचा, एक शब्द बोलायचा नाही. लाटांवर पहिला पांढरा फेस दिसला की वेळ संपली, मग चारा उरो की मासे चालू असोत. मागच्या महिन्यात असाच एक कटला मध्येच सोडून परतलो. दोर कापताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

येत्या रविवारी पहाटे चारला निघतोय. होडीत दोन जागा रिकाम्या आहेत. डिकीत माझं सोडून तीन जाकिटं आहेत, त्यातलं एक लहान मुलाचं. यायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा आणि वजन सांगून ठेवा, म्हणजे मापाचं काढून ठेवतो.