सीतेची आसवे केवळ कीटकांवर जगत नाहीत

कासच्या पठारावरील फुलांविषयीचा हा लेख मनापासून आवडला. मात्र ‘सीतेची आसवे ही वनस्पती कीटक खाऊन जगते’ या वाक्यामुळे वाचकांचा गैरसमज होईल, म्हणून हे लिहीत आहे. ही वनस्पती हिरवी आहे आणि आपले अन्न ती इतर झाडांप्रमाणेच सूर्यप्रकाशात स्वतः तयार करते. जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत नत्र आणि स्फुरद फार थोडे असते, तेवढी उणीव ती शिकारीतून भरून काढते.

तिला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत पसरलेल्या तिच्या नाजूक धाग्यांवर जेमतेम मिलिमीटरभराच्या पिशव्या असतात; पिशवी आतले पाणी बाहेर टाकते, त्यामुळे तिच्या भिंती आत चेपल्या जातात, आणि दाराजवळच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागताच दार उघडून तो जीव पाण्यासकट, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात, आत ओढला जातो. भिंगाखाली ही पिशवी एकदा पाहिली की विसरता येत नाही.

फूल मात्र देठावर उंच असते, त्यामुळे परागीभवन करणाऱ्या कीटकांना मातीतल्या सापळ्यांचा काहीच धोका नसतो. लेखातील छायाचित्रात माणसे फुलांमध्ये बसलेली दिसतात, ते पाहून वाईट वाटले. हे रोप एका हंगामाचेच असते. बी धरण्याआधी ते चिरडले गेले, तर पुढच्या पावसाळ्यासाठी त्याचे मागे काहीच उरत नाही.