अप्पांची तिरडी

परवा पहाटे आमच्या वाईतले अप्पा गेले. वय ८१. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. गणपती आळीपासून सिद्धनाथवाडीपर्यंत कुणाच्याही घरी माणूस गेलं की पहिला फोन ज्यांना जायचा ते अप्पा, एवढं वाईकरांना पुरे.

एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर वीसेक वर्षं हेच काम केलं. पैशाचं सोडाच, मयताच्या घरी चहासुद्धा घेत नसत.

२०१४ साली माझे बाबा गेले ते रात्री दोनच्या सुमारास, घरीच. भाऊ परदेशात, आई सुन्न बसलेली, मी त्याच संध्याकाळी पुण्याहून आलेली. शेजारच्या काकूंनी फोन केला आणि वीस मिनिटांत अप्पा दारात. बाबांच्या पाया पडले आणि आधी पंखा बंद केला. मला काही कळेना. म्हणाले, "नेत्रदानाचा फॉर्म भरलाय त्यांनी, मला सांगून ठेवलं होतं. सहा तासांच्या आत व्हायला हवं, आणि वाऱ्यानं बुबुळं सुकतात." पापण्या नीट मिटवल्या, वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी सरकवली. पथकाला फोन केला. मग आईशेजारी जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता.

घरी मृत्यू झाला की डॉक्टरांकडून ४-अ नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते, हे मला त्या रात्री अप्पांमुळे कळलं. चांगली शिकलेली मी, पण घरातलं माणूस गेल्यावर करायचं काय, हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

सकाळी अंगणात त्यांनी तिरडी बांधली. दोन लांब हिरवे बांबू, त्यावर आडव्या कामट्या, सुतळीचा एकेक वेढा पायाचा रेटा देऊन करकचून आवळलेला. एका मुलाची गाठ सैल वाटली तर ती सोडायला लावली. "खांदेकऱ्यांची पावलं मागेपुढे होतात रे. सैल राहिलं तर माणूस हिंदकळतं. शेवटच्या वाटेला त्याला हिसका बसू द्यायचा नाही."

मडकं कुणी धरायचं, यावर कुजबुज सुरू झाली. बायका स्मशानात जात नाहीत वगैरे. अप्पांनी ते उचललं आणि माझ्या हातात दिलं. "लेक आहे की." एवढंच म्हणाले. पुढे कुणी काही बोललं नाही. त्या तीन शब्दांचं ऋण माझ्यावर कायमचं आहे.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, घरच्यांनी हातापाया पडून अडवलं तरी ते जात राहिले. पंचाहत्तरी उलटलेली. नातेवाईक लांब उभे, काही तर क्वारंटाइनमध्येच. अप्पा फोनवर गेलेल्याचं नाव विचारून घ्यायचे आणि अग्नी देण्याआधी ते मोठ्यानं घ्यायचे. नावानिशी निरोप द्यायचा, असं म्हणायचे. बेवारस मयतासाठीही कपडा नवाच आणायचे, स्वतःच्या पेन्शनमधून. जात कधी विचारली नाही.

आता चौकात 'निःस्वार्थी समाजसेवक' असे फ्लेक्स लागलेत. लावणाऱ्यांचं दुःख खरंच असेल, पण मला ते बघवत नाहीत. ३६ हजारांच्या आसपास वस्तीचं आपलं गाव, आणि हे काम आपण एका म्हाताऱ्या माणसावर टाकून मोकळे झालो. 'अप्पा आहेत ना' हे वाक्य मीही शंभरदा म्हटलंय. त्यांना सेवाभावी म्हटलं की आपल्याला रात्री दोन वाजता उठावं लागत नव्हतं. गुडघे गेले होते त्यांचे. गेल्या पावसाळ्यात काठी टेकत घाटाच्या पायऱ्या उतरताना मी पाहिलंय, आणि तेव्हाही मदतीला एकच जण होता, त्यांच्या सोबतीला असणारे रिक्षावाले मामा. प्रत्येक आळीतून दोघा-चौघांनी, मुलींनीही, हे शिकून घ्यायला काय हरकत आहे? मी माझं नाव मामांकडे दिलंय. शनिवार-रविवार मी वाईतच असते.

परवा अप्पांची तिरडी आळीतल्या पोरांनी बांधली. रडत रडत, घाईघाईत. मामा आले, वाकून एकेक गाठ हातानं चाचपली आणि म्हणाले, "अप्पांनी ही चालू दिली नसती." मग सगळी सुतळी सोडली. मी एका टोकाला बांबू धरून बसले, आणि मामांनी ती पहिल्यापासून परत बांधली.