बॉलर पोरांना स्पर्धेला नेताना

मे महिना, शाळा सुटलेल्या, जळगावला गावोगावच्या पोरांची मोठी स्पर्धा. अमळनेरहून आपल्या आळीचे चार-पाच बॉलर तिथं न्यायची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर अजिबात घाबरू नका. तुम्ही आयुष्यात सीझन बॉल हातात धरला नसेल, तर फारच उत्तम. धरलेली माणसं उगाच पोरांची काळजी करत बसतात.

गाडी क्रूझरच करा. एसटीनं पोरं मोकळी बसतात, पण त्यात आपला रुबाब दिसत नाही. ड्रायव्हरशेजारची जागा तुमची. मधली बॅट्समनांची, कारण त्यांच्या किटबॅगा मोठ्या आणि त्यातल्या एकाच्या वडिलांनी सगळ्यांना टी-शर्ट दिलेत. बॉलर मागच्या आडव्या बाकावर, गुडघ्याला गुडघा लावून. त्यांचं सामान ते काय, बूट आणि पाण्याची बाटली! धरणगावपर्यंत एकाचे पाय आखडतील, पाळधीपर्यंत सगळ्यांचे.

वयाचे दाखले बरोबर घ्या. आमच्या पिढीतला निम्मा खानदेश १ जूनलाच जन्मला, गुरुजींना तेवढीच तारीख पाठ होती. क्रिकेट बोर्ड १६ वर्षांखालच्या पोरांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतं आणि टीडब्ल्यू-३ नावाच्या पद्धतीनं हाडांचं वय ठरवतं. हाडांना गुरुजी नसतात. पण असल्या उन्हाळी स्पर्धेत एक्स-रे कुठला? मिसरूड तेवढं आदल्या रात्री उतरवून घ्या.

जेवणाचं सोपं आहे. रात्री शेवभाजी, तर्री वरपर्यंत. जळगावात कुणाची ना कुणाची मावशी असतेच, तेव्हा सामन्याच्या दुपारी रस आणि मांडे. दोन वाट्या रस पोटात गेला की फास्ट बॉलरचा रनअप आपोआप निम्मा होतो, जागेचीही बचत.

आता मुख्य काम. ओव्हर मोजायच्या नाहीत. सामन्यातल्या मोजायला स्कोअरर बसलेला असतो. सकाळी नेटमध्ये टाकलेल्या, दोन सामन्यांच्या मधे 'जरा हात मोकळा कर' म्हणून टाकलेल्या, कॅप्टनला सराव म्हणून टाकलेल्या कुणीच मोजत नाही, तुम्हीही ती प्रथा मोडू नका. इंग्लंडच्या बोर्डानं १५ वर्षांखालच्या फास्ट बॉलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ६ आणि दिवसाला १२ ओव्हरांची मर्यादा घालून दिली होती. थंड देशातली नाजूक माणसं! आपल्याकडं पारा ४४ वर, खाली मॅटिंग, आणि पोरगं सकाळपासून चौदावी ओव्हर टाकतंय. छत्री तुमच्या डोक्यावर असली की ऊन तेवढं जाणवतही नाही.

बॉलही मोठ्यांचाच द्या. १३ वर्षांखालच्यांसाठी नियमात १३३ ते १४४ ग्रॅमचा बॉल सांगितलाय, मोठ्यांचा १५६ ते १६३ चा. आपल्या पोरानं हलका बॉल टाकला तर चारचौघांत काय सांगणार?

मधेच एखादा तुमच्याकडं येईल, हळूच म्हणेल, "काका, कंबर दुखी राह्यनी." लगेच म्हणा, "जोरमां टाकस म्हनीसन दुखस!" आणि बाम चोळा. डॉक्टर मंडळी सांगतात की वाढीच्या वयात मणका पुरता पक्का झालेला नसतो. प्रत्येक बॉलला पाठ मागे वाकते, पिळते, पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दणका वर चढतो, आणि अशा शेकडो बॉलांनंतर हाडाला बारीक चीर जाते. उजव्या हातानं टाकणाऱ्याला बहुधा डाव्या बाजूला. मग महिनोन् महिने बॉलिंग बंद. एवढं सगळं ऐकलं तर स्पर्धा कशी जिंकायची? शिवाय बामाचा वास आला की पोरांनाही काहीतरी उपाय झाल्यासारखं वाटतं. (बॅट्समनच्या बोटाला लागलं तर मात्र थेट दवाखाना. बॅट त्याच्या वडिलांची आहे.)

संघात स्पिनर असेल तर त्याचं फारसं काही करावं लागत नाही. त्याला थर्डमॅनला उभा करा आणि संध्याकाळी परत घेऊन या.

बाउंड्रीवरून बोलणं मात्र सोडू नका. "बाउन्सर टाक," "यॉर्कर टाक," "डोकं वापर," हे तिन्ही एकाच बॉलच्या आधी ओरडता आले पाहिजेत. एक मोबाइल व्हिडिओसाठी, दुसरा गावच्या ग्रुपवर निकाल टाकायला. 'आमना पोऱ्यानी ३ विकेट काढ्यात' असं लिहा. १४ ओव्हर लिहायची गरज नाही, वाचणारे नको ते हिशेब करतात.

परतताना बसायची जागा बदलू नका. पाळधी गेल्यावर मागच्या बाकावरचा तो कंबरवाला एका कुशीवर वळून, पाय छातीशी घेऊन, किटबॅगवर डोकं टेकून झोपलेला असेल. धरणगावला चहाला गाडी थांबली की त्याला उठवा. ट्रॉफीबरोबर फोटो राहिलाय, आणि टी-शर्टवाल्यांनी सांगितलंय, सगळ्यांनी ताठ उभं राहायचं.